वैनीचा कॉम्प्युटर का बंद पडायचा

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर मी स्वतः जोडला, आणि त्यानं मला जेवढं रडवलं तेवढं आजवर कुणी रडवलेलं नाही. तेव्हा मी आष्टीला एका रिपेरिंगच्या दुकानात कामाला होते. सकाळी गावातून जीपनं जायचं, दिवसभर लोकांची बंद पडलेली मशिनं उघडून बसायचं, संध्याकाळी परत. तापट मी लहानपणापासूनच. मशीन ऐकेना की त्याच्यावर ओरडायचे, स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटायचे. मालक म्हणायचे, "बाई, ते बहिरं हाय. कावून घसा कोरडा करती?" पण हात चांगला होता माझा, म्हणून चालवून घ्यायचे.

कॅबिनेट एका बंद पडलेल्या सहकारी संघाच्या भंगारातलं होतं, एका बाजूनं चेपलेलं. बोर्ड आणि प्रोसेसर दुकानातल्या जुन्या मशिनीतले. मॉनिटर एका मास्तरांनी बदलून टाकलेला. नवी म्हणायची तर फक्त रॅम. हा सगळा खटाटोप माझ्या वैनीसाठी चालला होता.

वैनी बारावी शिकलेली. लग्न होऊन आली ती दादाबरोबर ऊसतोडीलाच जुंपली गेली. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभा करत नाही. दसरा झाला की गाडी यायची आणि निम्मं गाव रिकामं व्हायचं.

त्यांची पोरगी त्या साली पहिलीत गेली होती. लहान असताना ती फडात वाढली, पाचटाच्या खोपीत तापानं फणफणली, सगळं झालं. मग एक वर्ष गावात माझ्या आईजवळ ठेवून पाहिली, तर इकडं पोरगी खाईना आणि तिकडं वैनी झुरून निम्मी झाली. वैनी मला एकदाच म्हणाली, "ताई, मला दुसरं काय बी नगं. मला पोरीजवळ ऱ्हायचं हाय." त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. तिचं असंच होतं, एकदा बोलली की संपलं. मी मात्र ते वाक्य डोक्यात घेऊन फिरत होते.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला. गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी घेतली होती, ती पावसाळ्यात उठायला हवी होती, पण उठवणार कशी? रानात गवताची काडी नव्हती. किती जनावरं, किती चारा, किती पेंड, हे सगळं रोज मराठीत टाइप करून वर पाठवावं लागायचं आणि संस्थेत कुणाला ते येत नव्हतं. चेअरमन म्हणाले, गावातलंच माणूस घेऊ, आधी छावणीपुरतं, नीट काम केलं तर पुढं संस्थेतच. दसऱ्याच्या आधी समोर बसवून टाइप करायला लावून बघणार होते. वैनीला मी त्याच दिवशी सांगितलं, "बस सरावाला. तोडीला गेलीस तर याद राख."

बसली बिचारी. स्वयंपाक, शेळी, टँकरची रांग, सगळं उरकून दुपारी बसायची. बोटं भराभर शिकली. पण कॉम्प्युटर! दोन ओळी होतात न होतात तोच पडदा काळा आणि मशीन आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू. वैनी घाबरून हात मागं घ्यायची. "ताई, मी कायतरी चुकीचं दाबलं का?"

"दाबून बंद पडत नसतंय गं ते!" मी ओरडायचे. राग तिच्यावर नसायचा, पण ओरडा तिच्याच वाट्याला यायचा.

आधी मी रॅम धरली. पोरीच्या दप्तरातलं खोडरबर घेतलं आणि रॅमच्या पितळी दातऱ्या घासून लख्ख केल्या. पोरीनं खोडरबरासाठी भोकाड पसरलं ते वेगळंच. पण त्या दुपारी मशीन एकदाही बंद पडलं नाही. मी तर हवेतच! जेवताना दादाला सांगितलं, "बघ, याला म्हणतात हात." दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग वाटलं, तापत असेल. प्रोसेसरवरचा पंखा काढला, वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, धूळ झटकली. कॅबिनेटचं झाकणच काढून ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला. तर काय, आधी दोन ओळी तरी व्हायच्या, आता एक होईना. गार वारा लागल्यावर जास्त बंद पडणारं मशीन मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला. दुकानातून दुसरा पॉवर सप्लाय आणून लावला, तरी तेच. भिंतीतल्या प्लगमध्ये मीटर घालून व्होल्टेज बघितलं, तर ते चोख.

शेवटी अख्खं मशीन वाकळीत गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेऊन आष्टीला नेलं. दुकानात दिवसभर चालू ठेवलं. कूं नाही की कां नाही. मालक म्हणाले, "ह्याला काय धाड भरली? गुणाचं तर हाय." संध्याकाळी घरी आणून लावलं आणि डोळ्यांदेखत बंद. माझं डोकंच फिरलं. मी कॅबिनेटला लाथ घातली. पोरगी खुदकन हसली. वैनीनं पुढं होऊन पदरानं ते पुसलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. जाऊ आमी तोडीला. लई झालं तुमचं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या समजूतदारपणानं मला गलबलून आलं. एवढं नशीब मशिनीच्या हातात का असावं माणसाचं?

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला दांडी मारली आणि शांत डोक्यानं बसले. मशीन दुकानात चालतंय, घरी नाही. म्हणजे खोट मशिनीत नाही, घरात आहे. मग मला सुचलं, प्लगमधलं व्होल्टेज मी मशीन बंद ठेवून मोजलं होतं. आता मशीन चालू केलं, वैनीला टायपिंगला बसवलं, टेबलफॅन लावला आणि तेव्हा मीटर धरला. आकडा घसरत गेला, आणि टेबलफॅननं वेग घेतला तसा धाडकन पडला. पडदा काळा. वरचा एलईडी बल्ब मात्र तसाच ढिम्म. कमी व्होल्टेजवरही तो तसाच जळतो, म्हणून घरात कुणाला पत्ताच नव्हता.

आमच्या गल्लीत पोलावरून न्यूट्रलची तार कधी धड यायचीच नाही. मग प्रत्येक घरानं एकच जुगाड केलेला. पोलावरून एक तार घरात, आणि करंटला परत जायची वाट जमिनीतून. घरामागं खड्डा खणायचा, त्यात सळई पुरायची, वरून कोळसा आणि मीठ घालायचं. ह्याला सगळे अर्थिंग म्हणतात. हे धोक्याचं आहे, असं करू नये, हे मला माहीत होतं. पण जन्मल्यापासून त्यावरच उजेड बघितलेला, त्यामुळं दुकानात दुसऱ्यांच्या तारा तपासणाऱ्या मला माझ्या घराची तार कधी आठवलीच नाही.

मागं जाऊन बघते तर सळईभोवती भेगा पडलेल्या. माती भुसभुशीत, हातात घेतली तर वाऱ्यावर उडून गेली.

"आई, इथं पाणी पडत नव्हतं का गं आधी?"

"पडंना कसं? भांडी घासायची जागा तीच की. आता पाणी कुठं हाय? राखंनं घासती अन् फडक्यानं पुसती. आंघोळीचं न्हाई तर धुण्याचं, जे उरंल ते सारवायला, शेणामातीला."

आई पाण्याला इतकी जपली होती की जमिनीतली ओल संपली, करंटची वाट सुकली आणि मशिनीला ताकद मिळेना. आणि माझ्या खोडरबराचा चमत्कार झाला त्या दिवशी टँकरवाल्यानं पाइप मागच्या बाजूनं आणला होता, ड्रम भरताना अर्धं पाणी तिथंच सांडलं होतं. त्यावरून आईनं त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली होती. मी मात्र सगळं श्रेय खोडरबराला दिलं होतं.

वायरमनकडं गेले. तो म्हणाला, "न्यूट्रल वढून देतो, पण तार तर येऊ द्या." ती दसऱ्याआधी येणार नाही हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. शेजारी मशीन न्यावं तर त्यांचाही खड्डा तसाच वाळलेला. मी घरी आले, कळशी उचलली आणि सरळ मागं गेले. आईनं माझं मनगट धरलं.

"माणसं तहानलेली अन् तू भुईला पाजती? लाज हाय का?"

मी कळशी खाली ठेवली. ती खोटं बोलत नव्हती. त्या दिवशी टँकरच्या रांगेत त्या कळशीसाठी ती उन्हात उभी राहिली होती, मी नव्हते.

त्यातून वाट वैनीनं काढली. ती घमेल्यात बसून आंघोळ करायला लागली. आंघोळ कसली, तांब्याभर पाण्यात अंग ओलं करायचं. घमेल्यात उरलेलं साबणाचं पाणी ती आधी मशीनचा प्लग काढून, मेन स्विच बंद करून खड्ड्यात ओतायची. मी मुठीनं मीठ टाकायचे. खड्ड्याभोवती बाभळीच्या फांद्या लावल्या, पोरगी आणि शेळी फिरकू नये म्हणून. शेजारणी कुंपणावरून बघायच्या. एक म्हणाली, "काय गं, लाइटीचं झाड लावलं का?" वैनी नुसती हसली.

आणि मशीन चाललं! लगेच काही दुपारभर नाही, पण पान पूर्ण होऊ लागलं, मग दोन पानं. वैनी "चारा", "पेंड", "गोठा", "दावण" असे शब्द न बघता टाइप करू लागली. आई उंबऱ्यात बसून तूर निवडायची आणि कान तिकडं असायचा. टकटक थांबली की मान वर करायची. "बंद पडलं का?" वैनी म्हणायची, "न्हाई आत्याबाई, पान उलटती." मग आई पुन्हा सुपात बघायची.

एका सकाळी मी मागं गेले तर खड्डा आधीच ओला. वैनी तर अजून चुलीपाशी होती. मोरीत आईचं लुगडं वाळत होतं आणि घमेलं पालथं घातलेलं होतं. मी घमेलं उचलून जागेवर ठेवलं. आईला विचारलं असतं तर ती भांडलीच असती.

चाचणीच्या दिवशी वैनीनं संस्थेत बसून सचिवांनी सांगितलेलं अर्धा तास भराभर टाइप केलं. चेअरमन म्हणाले, "उद्यापासून ये." ती घरी आली, पोरीला उचललं आणि तिच्या पोटात तोंड खुपसून नुसती रडत राहिली. मीही रडले, लाजायचं काय त्यात.

दादा मात्र अडचणीत सापडला. त्यानं मुकादमाला जोडीचा शब्द दिला होता. वैनीचं जमेल असं त्याला खरंच वाटलं नव्हतं, आणि त्यात त्याची तरी काय चूक? रोज बंद पडणारं मशीन त्यानंही बघितलं होतं. तो जाऊन भेटून आला. मुकादमाचं एकच, जोडी असेल तर ये, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि त्या वर्षी गावात राहून दुसरं काम मिळणार कुठं होतं?

वैनीनं डोळे पुसले. "मी येती. संस्थेत न्हाई म्हणून सांगती."

"खबरदार!" मी ओरडले. "मी जाते दादाबरोबर!"

दादा म्हणाला, "तुला एक मोळी उचलंना, बावळे." ते खरं होतं म्हणून मला आणखी राग आला.

आई चुलीपुढून उठली. कमरेवर हात ठेवून, नेहमी उठायची तशी अवघडत. वडील गेले त्या वर्षी तिनं तोडीला जाणं सोडलं होतं. वाकलं की तिच्या पाठीत कळ यायची. ती माळ्यावरचा कोयता काढायला हात वर करू लागली, तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

सगळे एकदम बोलायला लागलो. तिनं ऐकलंच नाही. "एवढं आंघोळीचं पाणी घातलं त्या खड्ड्यात, ते काय गंमत म्हणून?" म्हणाली. वैनी तिच्या पायाशी बसली ती उठेना. आईनं तिच्या दंडाला धरून उठवलं. "रडू नगं. पोरीची येणी घालत जा शाळंत जाताना. मला जमत न्हाई तिच्या मनासारखी."

गाडी आली ती सकाळी. चौकात सगळ्या जोड्या उभ्या होत्या, तरण्याताठ्या. मुकादम एकेक जोडी मोजून वर चढवत होता. आमच्यापाशी आला आणि दादाला म्हणाला, "तू हायस. जोडीला कोण?" दादाची मान खाली गेली.

आईनं कोयता काखेत मारला आणि गाडीच्या फाळक्याला हात घातला. "मी हाय," ती म्हणाली. "ह्याची आई. धर एक कोयता."