आगीचं बूड

आमच्या बार्शीटाकळीकडे जंगल म्हणजे बांधावरच्या चार बाभळी आणि नाल्याकाठचं एखादं चिंचेचं झाड. आग म्हणजे कापूस निघाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवायचा, त्यात हरभऱ्याचा हुळा भाजायचा आणि तोंड काळं करून घरी यायचं. एवढ्या भांडवलावर मी रेंजर झालो आणि मेळघाटातल्या एका रेंजच्या आगीचा बंदोबस्त सरकारने माझ्या गळ्यात घातला. महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली होती. मी पंचविशीत होतो, डेहराडूनला शिकून आलो होतो, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अमरावतीला माझी मावशी राहायची. तिने विचारलं, "आग लागली म्हंजे तू बंब घेऊन जातं काय रे?" बंब कुठला! तिथे प्यायला पाणी मिळालं तरी नशीब. जंगलातली आग पाण्याने विझवायची नसते, तिला उपाशी मारायची असते. दिवाळीनंतर डोंगरांच्या धारेवरून गवताचे लांबच लांब पट्टे कापायचे, कापलेलं गवत तिथेच वाळू द्यायचं आणि फेब्रुवारी अर्धा सरायच्या आत, सकाळचं दव अंगावर असतानाच, आपल्या हातांनी जाळून टाकायचं. या पट्ट्याला जाळरेषा म्हणत. उन्हाळ्यात आग आली की रेषेपाशी थबकते, कारण पुढे तिला खायला काही नसतं. वहीत लिहून घेताना हे फार सोपं वाटलं होतं.

माझ्या हाताखाली दहा-बारा नाकेदार होते. नाकेदार म्हणजे जंगलाच्या एकेका तुकड्याचा राखणदार, खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. त्यांतल्या एकाविषयी मला लिहायचं आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, उंच, वाळलेले, चौथीपर्यंत शिकलेले. आठ-दहा उन्हाळे हंगामी आग-राखणदार म्हणून काढल्यावर त्यांना नाका मिळाला होता, तोही कच्चा. त्या वर्षी कायम होण्याची पाळी होती. मी तेव्हा त्यांना 'तू' म्हणत असे, खात्याची रीतच होती ती. आता लिहिताना तो 'तू' कागदावर उतरवताना लाज वाटते, पण बोलणं जसं झालं तसंच लिहिलं पाहिजे.

नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यापासून त्यांनी मोहाच्या दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. कोणी आग्रह केलाच तर "मोह झाडावरच बरा दिसते" म्हणून हसायचे. धुराच्या रंगावरून काय जळतंय ते सांगायचे. आग दिसली की मी धावत सुटायचो, आणि ते मागून सावकाश यायचे. "आगीपुढं धावाचं नाई, साहेब. तिच्या बाजूनं चालाचं," असं एकदा म्हणाले. मला राग आला. नाकेदाराने रेंजरला शिकवावं म्हणजे काय!

त्या वर्षी रेषा जाळायला उशीर झाला, आणि तो माझ्यामुळेच. चुलतभावाच्या लग्नाला म्हणून अकोल्याला गेलो आणि पाहुणचारात आठवडा घालवून आलो. इकडे फेब्रुवारी संपत आला आणि मोठे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. आता रात्रंदिवस एक करणं आलं. शेवटचा तुकडा याच नाकेदारांच्या हद्दीतला होता. तो जाळून झाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, दव केव्हाच उडून गेलं होतं. रेषेच्या काठावर सालईचा एक जुना ओंडका आडवा पडला होता आणि त्याच्या एका टोकातून बोटाएवढा धूर निघत होता.

नाकेदारांनी कुऱ्हाड काढली. "साहेब, सालई हाये. हिच्या पोटात डिंक रायते. फोडून, उलटीपालटी करून, थंडी झाल्याबिगर सोडता येत नाई. दुपार होईन."

मी घड्याळ पाहिलं. "माती टाक अन् चाल पुढं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन टोपल्या माती टाकली, पायाने दाबली आणि माझ्या मागे चालू लागले.

पाचव्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि आग लागली. गुडघ्याइतकं कुसळीचं गवत, त्यावर वाळला पाला. आम्ही पोचेपर्यंत अख्खी उतरण पेटली होती. दोन वर्षांपूर्वी लावलेली सागाची रोपं आमच्या डोळ्यांदेखत गेली. पायथ्याशी कोरकूंचं एक गाव होतं. तिथली बायामाणसं न बोलावता हिरवे डहाळे घेऊन आली आणि आमच्या बरोबरीने आग झोडू लागली. नाकेदारांनी खालच्या नाल्याच्या कडेने समोरून दुसरी आग लावली, आणि दोन्ही आगी एकमेकींना भिडून दिवस मावळायच्या आत जागीच बसल्या. गावाच्या मोहाच्या झाडांपासून ती पन्नासेक पावलांवर थांबली. इतकं देखणं काम मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीतही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परतवाड्याला मोठ्या साहेबांच्या पुढे उभा राहिलो. साग जळल्याने ते आधीच तापलेले होते. त्यांनी मान वर न करताच कारण सांगून टाकलं, "मोहफुलं वेचणारे. दुसरं कोण?"

हे अगदीच निराधार नव्हतं. मोहफूल पडू लागलं की ते दिसावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि कधी कधी ती आग पसरते. पण अहवालात तसं लिहिलं की कायद्याचा बडगा उगारता येत होता, आणि साहेबांनी तो उगारायचं ठरवलंही होतं. त्या गावाची चराई वर्षभर बंद, मोहफूल वेचणं बंद. मोहफूल म्हणजे नुसती दारू असं शहरात समजतात. त्या गावात चैत्र-वैशाखात धान्य सरलं की वाळवलेलं मोहफूलच शिजायचं. ते बंद म्हणजे चूल बंद. हे मला ठाऊक होतं, तरी खरं सांगतो, साहेबांचं बोलणं ऐकून मला हायसं वाटलं. ओंडक्याची आठवण मनात आली होती, ती मी तिथेच दाबून टाकली. अहवाल उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे, असं साहेब म्हणाले.

अहवालाचं पुस्तक नाकेदाराकडे असे. पानांवर छापील आकडे, मधे कार्बन; वरची प्रत साहेबांकडे जायची, खालची पुस्तकात राहायची, आणि एकही पान फाडून टाकायची मुभा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "कारण लिही. मोहफुलं वेचणारे."

ते पुस्तक पिशवीत घालत म्हणाले, "साहेब, आगीचं बूड पाह्यल्याबिगर मी कागद करत नाई. चाला, एक चक्कर मारून येऊ."

मला वाटलं, चला, गावाच्या दिशेनेच जाणार आहे, जाऊ द्या. आग जिथे थांबली होती तिथून आम्ही निघालो, म्हणजे उलटे, शेवटाकडून सुरुवातीकडे. पहिल्यांदा गावाची मोहाची झाडं आली. त्यांच्याखाली पाल्याचा जाड थर तसाच पडून होता. नाकेदार थांबले.

"फूल पडाले अजून पंधरा-वीस रोज हायेत, साहेब. झाडाची पानंच पुरी गळली नाई. आज पाला जाळला तं उद्या पुन्हा पडते. मंग काहून जाळतीन थे?"

मग चढ लागला. एका धावड्यापाशी त्यांनी मला विचारलं, आग कोणत्या अंगाने आली असेल? बुंधा एका बाजूला गुडघाभर काळा होता, दुसऱ्या बाजूला पुरुषभर. मी ऐटीत जास्त काळ्या बाजूकडे बोट दाखवलं.

"नाई साहेब. वाऱ्याची आग समोरून येते, पर झाडाच्या पाठीवर चढते. गोठ्याच्या कुडाले वारा लागला का कचरा कुडामागं गोळा होते ना? तसंच."

गोठ्याचा कूड मला डेहराडूनपेक्षा चांगला कळत होता. पुढच्या झाडापाशी त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याला पुन्हा. दगड दाखवले, दगडाच्या ज्या बाजूला चार काड्या न जळता उरल्या होत्या ती आडोशाची बाजू, म्हणजे आग पलीकडून आली. आग जिथे हळू सरकली होती तिथे गवताचे तुरे कोणत्या दिशेला पडलेत ते वाकून पाहायला लावलं. चुकलो की पुन्हा पाहायला लावायचे, बरोबर आलं की मुकाट्याने पुढे. एका जागी मी दोनदा चुकलो तर त्यांनी मला वीस पावलं मागे नेलं. माझी चिडचिड होत होती. अहवालाच्या एका ओळीसाठी एवढा खटाटोप कशाला, हे कळेना. पण तासाभराने राखेतला रस्ता मला स्वतःला दिसू लागला, आणि तो गावाकडून दूर, वर, धारेकडे चालला होता.

शेवटची शंभर पावलं मी पुढे होतो आणि ते मागे. रेषेच्या काठावर तो ओंडका होता, म्हणजे त्याच्या जागी राखेचा एक लांबट पट्टा होता. त्यावर आम्ही टाकलेली माती खचून आत पडली होती. तिथून काळा रंग पंख्यासारखा खाली पसरत गेला होता. आता विचारायला काही उरलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. खाली गाव दिसत होतं. कोणाच्या तरी बकऱ्या नाल्याकडे चालल्या होत्या.

मी राखेजवळ बसलो. मनात काय काय आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ओंडका कोणी पाहिला होता? आम्ही दोघांनीच. हा माणूस माझ्या शब्दाबाहेर नव्हता. शेवटी मी हात पुढे केला आणि म्हणालो, "दे ते पुस्तक. मी लिहितो."

त्यांनी कोरं पान उघडून, मागची पानं अंगठ्याखाली दाबून पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी लिहिलं: जाळरेषेवरचा ओंडका पूर्ण न विझवता माती टाकून सोडला, हुकूम माझा. खाली सही केली. ते म्हणाले, "साहेब, तारीख राह्यली."

मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मला गाढव म्हणाले. लेखी ठपका आला, गोपनीय अहवालात शेरा पडला, माझी बढती बरीच लांबली. पण गावावरचं संकट टळलं. मार्च सरता सरता मोहफूल पडू लागलं आणि बाया टोपल्या घेऊन पहाटेपासून झाडाखाली दिसू लागल्या. तो वास नाकात गेला की माझी छाती दोन इंच फुगायची. आपण काय धीराचे, काय सत्यवादी! मावशीला सांगितलं, अकोल्याच्या भावकीला सांगितलं, बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगितलं. सांगता सांगता ओंडका माझ्या उंचीचा झाला होता.

जूनच्या सुरुवातीला आगीचा हंगाम संपला आणि नाकेदारांच्या कायम होण्याचा हुकूम आला. तो द्यायला आणि त्यांचं पुस्तक दफ्तरात जमा करायला मी स्वतः नाक्यावर गेलो. ते चहा टाकायला आत गेले. मी सहज आपलं ते पान पुन्हा डोळे भरून पाहावं म्हणून पुस्तक उघडलं आणि एक पान जास्त मागे गेलं.

त्यावर त्यांच्या गोल अक्षरात अहवाल लिहिलेला होता, आणि वरून आडवी रेघ मारून 'रद्द'. मूळ प्रत आणि कार्बनची प्रत, दोन्ही जागच्या जागी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: सालईचा ओंडका पेटता असताना माती टाकली. माती मी टाकली. हुकूम कोणाचाही नव्हता. खाली त्यांची सही होती. तारीख मी परतवाड्याला गेलो होतो त्या दिवसाची, म्हणजे आम्ही डोंगर चढलो त्याच्या आदल्या दिवसाची.

कच्च्या नोकरीतल्या माणसाने एवढं लिहून दिलं तर मोठ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं असतं, आणि ते हे माझ्याहून चांगलं जाणत होते. म्हणजे मी त्या राखेजवळ बसून स्वतःशी झुंजत होतो तेव्हा गाव आधीच वाचलेलं होतं. माझ्या सहीवाचून काहीच अडलं नव्हतं. तीन महिने मी ज्या मोठेपणावर जगलो, तो माझा नव्हताच.

ते कपबशी घेऊन बाहेर आले आणि माझ्या हातातलं पान पाहून थबकले.

"हे आधीच लिहून ठेवलं होतं," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून त्यांच्यासाठी 'तुमी' निघालं. "मंग मले त्या डोंगरावर कशाले चालवलं तुमी?"

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

"मी तं घरी गेलो असतो, साहेब. मंग पुढच्या वर्सी आगीचं बूड तुमाले कोनं दाखवलं असतं?"