लाखेनं बंद केलेला डबा

बाजरीचं एक वाण वाचावं म्हणून आम्ही त्याचं बियाणं पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवलं, आणि ते त्या डब्यातच मेलं. या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. तरी सांगायला बसलो की अजून माझे कान तापतात.

सत्तरीचं दशक अर्धं सरलं होतं. शेतकीची पदविका घेऊन मी एका बियाणे कंपनीत नुकताच लागलो होतो. कचेरी नवीन जालन्यात, शेत केदारखेड्याच्या शिवारात. संकरित बाजरीला दोन वाणं लागतात, एक मादी आणि एक नर. आमचं नराचं वाण त्या शेतावरच वर्षानुवर्षं निवडून तयार झालेलं, दुसरीकडे कुठंच नव्हतं. म्हणून नियम असा, की त्यातलं शेरभर बियाणं हवाबंद डब्यात घालून कचेरीच्या कपाटात ठेवायचं. शेतावर काही घात झाला तर डब्यातून पुन्हा पेरायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला अवकाळी पाऊस झाला आणि कणसं भिजली. मळणी झाली तोच मुंबईहून कंपनीचे पाहुणे यायचं ठरलं. आमच्या कचेरीच्या प्रमुख साहेबांना कपाटात डबा दाखवायचा होता. बियाणं खळ्यावर पसरलेलं होतं. शेतावर एक मावशी कामाला होत्या, अधूनमधून कचेरी झाडायलाही यायच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, साठीच्या. त्यांनी चार दाणे दाताखाली धरले.

"साहेब, दाणा वला हाय अजून. कट वाजना. चार दिस उनात राहू द्या."

साहेब हसले. "दातानं कळलं असतं तर कंपनीनं मला कशाला ठेवलं असतं?"

मग मला म्हणाले, "चिठ्ठीवर लिही, पूर्ण वाळवलेले. सही कर."

मी दाणा हातातसुद्धा घेतला नाही. लिहिलं, सही केली, बियाणं डब्यात भरून चिठ्ठी आत टाकली. साहेबांनी समोर उभं राहून झाकणाची कड लाखेनं बंद करून घेतली. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारा मी पहिलाच. बापानं धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी ठरवलं होतं, की पोरगं दुसऱ्याच्या बांधावर राबणार न्हाई. ती नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो. कारण म्हणून हे खरं आहे, पण त्यानं काही सुटत नाही.

शेतावरचं उरलेलं सगळं नराचं बियाणं उन्हाळी हंगामाला पेरलं. पीक पोटरीत आलं आणि गारपिटीनं अर्ध्या तासात जमिनीला चिकटवलं. साहेब शांत होते. "डबा आहे ना!"

डबा फोडला. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले. बाजरी तिसऱ्या दिवशी मोड काढते. पाचव्या दिवशीही एक मोड नाही. मला वाटलं, विहिरीचं पाणी खारं असेल, म्हणून दुसऱ्या विहिरीचं आणलं. फडक्याला साबण राहिला असेल म्हणून कोरं फडकं घेतलं. तरी काही नाही. शेवटी जुन्या जालन्यातल्या अडतीवरून साधी खायची बाजरी आणली आणि त्याच फडक्याच्या दुसऱ्या टोकाला बांधली. ती भसाभस उगवली. आमचे दाणे तसेच पडून, बोटानं दाबले की पिठूळ फुटायचे. दोष पाण्यात नव्हता, फडक्यात नव्हता.

साहेबांनी मला बोलावून एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की कचेरी झाडायला आलेल्या मजूर बाईनं डबा उघडून उन्हात ठेवला असावा. म्हणजे मावशींनी! साक्षीदार म्हणून सही माझी हवी होती.

माझ्या डोक्यात असा जाळ उठला की क्षणभर अक्षरं दिसेनात. मी उठलो आणि कपाटातून डबा आणला. झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला गंजाचे थेंबाथेंबाचे डाग होते, कुबट वास येत होता. बाहेरून झाकण कोरं.

"साहेब, लाख मी स्वतः फोडली. तोवर ती अखंड होती. पाणी बाहेरून आलं नाही, आपण ते आत कोंडलं. बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं."

"चिठ्ठीवर सही कोणाची आहे?"

"माझी. तेही लिहा. पण या कागदावर मी सही करणार नाही."

साहेबांनी कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात फक्त माझं नाव होतं. मला कायम करण्याचं पत्र वर्षभर अडकलं.

तोवर ही गोष्ट मावशींच्या कानावर गेली होती आणि त्यांनी कामावर येणं सोडलं होतं. मी सायकलवर त्यांच्या घरी गेलो. त्या दारात तूर पाखडत होत्या. मला बसा म्हणाल्या नाहीत.

"मावशी, तुमचं नाव काढून टाकलंय."

"माझं नाव घातलं कोनं? म्या चोरी केल्ती का?" सूप आपटलं त्यांनी. "आन् तू रे? तू शिकलेला. म्या वला म्हनत व्हते, तू बाजूलाच हुबा व्हता. सही कशाला केली?"

"भ्यालो."

"मंग आता कशाला आला?"

"डब्यातलं सगळं पेरायचंय. हजारात एखादा दाणा जिवंत असेल. मला एकट्याला जमणार नाही."

त्यांनी सूप पुन्हा उचललं आणि दोनदा पाखडलं. मग म्हणाल्या, "येते. बाजरीसाठी येते. तुझ्यासाठी बिलकुल न्हाई."

आम्ही शेरभर बियाणं चाळलेल्या मातीच्या वाफ्यात दाणा-दाणा लावलं. सतरा रोपं उगवली. गोसावी म्हणतात त्या बुरशीच्या रोगानं आठ नेली, नऊ राहिली. मावशी तांब्यानं पाणी घालायच्या आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. कणसं आली तशा, दुसऱ्या बाजरीचा पराग लागू नये म्हणून, आम्ही त्यांवर कागदी पिशव्या चढवल्या. त्या नऊ झाडांवरून वाण पुन्हा उभं राहिलं.

पुढच्या वर्षी कंपनीच्या मेळाव्यात, हातचं गेलेलं वाण परत मिळवल्याबद्दल साहेबांना शाल दिली. मावशींना कुणी बोलावलंच नव्हतं. मी मागच्या रांगेत होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. साहेबांचा राग येतोच, पण माझ्या त्या टाळ्यांचा त्याहून जास्त येतो.