टीव्हीचं गंध-कुंकू

आधी माफी मागते. माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ हाताला येईल तसं पडतं. शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. देवनागरी वडिलांनी घरी शिकवली, आरत्या वाचता याव्यात एवढ्यापुरती. हे कुणी वाचणार नाही, ब्लाउज बेतायच्या कागदाच्या पाठीमागे लिहिते आहे. तरी माफी मागितलेली बरी. मला त्याशिवाय बोलायला सुरुवातच करता येत नाही. भाजीवाल्याकडेही मी आधी माफी मागते, मग वांगी.

मी तंजावरात घरी ब्लाउज शिवते. हल्ली लग्नाच्या ब्लाउजवर आरीकाम लागतं. आरी नावाच्या आकड्यासारख्या सुईने जर आणि मणी भरायचे. त्याला साध्या शिलाईच्या कितीतरी पट पैसे मिळतात. ते शिकवणारा वर्ग जवळच आहे. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले, पण पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून आपलं नाव सांगायचं असतं असं कळलं आणि दोनदा परत आले. मोबाइलवर बघून शिकावं, तर स्क्रीन तळहाताएवढी आणि वर तडा गेलेला. सुई कुठून वर येते ते नेमकं तड्याखाली. म्हणून मला टीव्ही हवा होता, इंटरनेटवरचे व्हिडिओ दिसतील असा. हे नवऱ्याला सांगायला मला अख्खा उन्हाळा लागला.

ते म्हणाले, "बघू." ते ओरत्तनाडूला एका गोदामात हिशेब लिहितात. घर पेटलं तरी "बघू" म्हणतील.

मग सगळं अक्कांनी हातात घेतलं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. पलीकडच्या गल्लीत एकट्या राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून कचेरीतच आहे.

"पैसे मी देते गे. फेडशील तसे फेड," त्या म्हणाल्या. "पण पैसे फिटेपर्यंत रिमोट माझा."

"मला आरीकाम शिकायचं होतं, अक्का," मी म्हणाले. बहुतेक मनातच म्हणाले, कारण कुणी ऐकलं नाही.

अक्का, हे आणि मी असे तिघं दुकानात गेलो. आम्ही तंजावरची मराठी माणसं दुकानात शिरलो की आपसांत मराठी बोलतो, दुकानदाराला कळू नये म्हणून. आमच्या आज्या-पणज्यांनी अशाच साड्या आणि भांडी घेतली. यात एकच खोट आहे. आकडे आम्ही तमिळमध्येच मोजतो.

"या मिशीवाल्याला काही बोलू नका," अक्का सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाल्या. "चोर दिसतो. आपल्याकडे इरुवत्तंजायिरम आहेत, पण मी इरुवदायिरमच सांगणार."

म्हणजे पंचवीस हजार आहेत, पण वीसच सांगणार. मिशीवाला विक्रेता अतिशय आदराने हसला आणि आम्हाला थेट पंचवीस हजाराला दहा रुपये कमी असलेल्या टीव्हीपुढे घेऊन गेला.

"बघ तंबी," अक्का धाकट्या भावाला म्हणाल्या, "न सांगता ओळखलं! माणूस हुशार आहे."

भिंतीभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच पोपट उडत होता. विक्रेता पिक्सेल, आवाज, मेमरी असं काहीबाही सांगत राहिला. "घरी वायफाय आहे ना, सार?" त्याने ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "बघू." मला त्यातलं काही कळलं नाही, पण धागा कळतो. मी पोपटाजवळ गेले. स्वस्त टीव्हीत तो पुदिन्याच्या चटणीसारखा दिसत होता, सगळी पिसं एकात एक वाटलेली. सगळ्यात महाग टीव्हीत तो इतका हिरवा होता, की तसा पोपट आमच्या कावेरीकाठी तरी कुणी पाहिला नसेल. मधल्यात, म्हणजे त्याच दहा रुपये कमीवाल्यात, मात्र पीस न् पीस वेगळं दिसत होतं, साखळी-टाक्यासारखं. मी नाक काचेला लागेपर्यंत वाकले.

"अम्मांचे डोळे अधू आहेत का?" विक्रेत्याने अक्कांना हळूच विचारलं.

"डोळे नाही, तोंड," अक्का म्हणाल्या. "उघडतच नाही."

मी मधल्या टीव्हीकडे बोट दाखवलं. उभ्या जन्मात दुकानात मी निवडलेली ती पहिली वस्तू. जाताना अक्का मला म्हणाल्या, "तू निवडलास हं. बिघडला तर तुझ्या डोक्यावर."

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी टीव्ही घरी आला. दुकानातल्या माणसाने भिंतीवर लावला, वायफाय जोडलं, चालवून दाखवला. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या आयुधांची पूजा केली. माझं मशीन, कात्री, नवीन आरी, ह्यांची मोपेड, मिक्सर. अक्का चंदनाची वाटी घेऊन टीव्हीपुढे उभ्या राहिल्या.

"लिंबू कुठे ठेवायचं?" ह्यांनी विचारलं. मोपेडच्या चाकाखाली त्यांनी नुकतंच एक चिरडलं होतं.

"त्याला चाकं आहेत का, शहाण्या?" अक्का म्हणाल्या, आणि टीव्हीच्या खालच्या काठावर अगदी मधोमध त्यांनी रुपयाएवढं चंदन थापलं, त्यावर कुंकू. खरं तर वर लावायचं, पण त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. त्या दिवशी आयुधं वापरायची नसतात. मी वापरली नाहीत. टीव्हीकडे नुसती बघत बसले.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी, विद्या सुरू करायचा दिवस. मी न्हाऊन, कापड चौकटीवर ताणून, आरी हातात धरून बसले. अक्कांनी रिमोट दाबला. काही नाही. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबला, तळहातावर आपटला, खिडकीबाहेर धरला. हे नवे सेल घेऊन आले. काही नाही.

"पोपट बघून टीव्ही घेतात का गे कुणी?" अक्का म्हणाल्या.

दुकान दोन दिवस बंद होतं. उघडल्यावर अक्कांनी फोन करून सांगितलं, टीव्ही घेऊन जा आणि माझे पैसे परत द्या. माणूस दुपारी येतो म्हणाला. मी चौकटीवरचं कापड सोडवलं. वर्गाचं दार डोळ्यांपुढे आलं. आत उभं राहून मी आधी सगळ्यांची माफी मागते आहे आणि नाव सांगायचं राहूनच जातं, असं सगळं.

पूजेचं गंध आम्ही पुसत नाही, ते आपोआप पडू द्यायचं असतं. पण चंदन वाळून तडकलं होतं. आणि घरातून जाणाऱ्याला, मग तो टीव्ही का असेना, ताजं कुंकू लावूनच पाठवायचं. मी ओल्या फडक्याने जुनं गंध पुसलं. हे खुर्चीत बसून सवयीने रिमोट दाबत होते. तेवढ्यात टीव्हीतून एवढा मोठा आवाज आला, की माझ्या हातातली चंदनाची वाटी ह्यांच्या मांडीवर पडली.

"देव पावला!" अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या. "लाव, लाव, आधी ताजं कुंकू लाव!"

मी लावलं. मग ह्यांनी आवाज कमी करायला बटण दाबलं, तर तो कमी होईना. चॅनेल बदलेना. टीव्ही ओरडत राहिला. शेजारीण दारात येऊन काय झालं विचारू लागली.

"बघू," हे म्हणाले आणि त्यांनी चंदन पंच्याच्या टोकाने पुसून टाकलं. मग खरंच वाकून बघितलं. खाली काळं, मिरीएवढं काहीतरी होतं. रिमोटचं सांगणं टीव्हीला तिथून कळतं. त्यावर बोट ठेवलं की टीव्ही ऐकेनासा होई, काढलं की ऐके.

अक्कांनी स्वतःही एकदा बोट ठेवून बघितलं. मग म्हणाल्या, "तुझ्या डोळ्यात चंदन घातलं तर तूही ऐकायची नाहीस." डोळ्याने कुणी ऐकत नाही, हे मी मनातच म्हणाले. दुपारी दुकानातला माणूस आला. त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. वाटी मी पुढे केली, तेव्हा अक्कांनी नवं गंध उजव्या कोपऱ्यात लावलं.

मात्र रिमोट त्या संध्याकाळी त्यांच्या पर्समधून पलीकडच्या गल्लीत गेला. रोज जायचा. सकाळी अक्का यायच्या तेव्हा यायचा. तीन दिवस मी त्यांची सिरियल बघितली. चौथ्या दिवशी, माफी मागून झाल्यावर, मी म्हणाले, "अक्का, मला आरीकाम लावा."

"मग इतके दिवस तोंडात काय होतं? कोळकट्टै?" त्यांनी लगेच लावलं, आणि स्वतःही तेच कोळकट्टै, म्हणजे मोदक, पुढ्यात असल्यासारख्या बघत बसल्या. सुईला कधी हात न लावलेल्या बाईने मला टाके शिकवायला सुरुवात केली. "तिथे नको गे. ती बाई डावीकडून घालते. मागे नेऊ का? बघ परत." माझे हात दोऱ्यात गुंतलेले असायचे, म्हणून थांबवणं, मागे नेणं सगळं त्याच करायच्या. देवळात जाऊन कुणाच्या घरी लग्न आहे ते काढून आणायच्या आणि माझ्या कामाचा भावही त्याच सांगायच्या, माझ्या तोंडून निघाला नसता इतका.

प्रत्येक ब्लाउजमागे मी त्यांचे पैसे देत गेले. गेल्या शुक्रवारी शेवटचे दिले. अक्कांनी पानसुपारीच्या ताटात कुंकू लावलेला रिमोट ठेवला आणि माझ्यापुढे धरला. मग नेहमीची खुर्ची सोडून चटईवर बसल्या, नव्या पाहुणीसारख्या पाय आवरून.

"सिरियल लावू का, अक्का?"

"मला काय विचारतेस? तुझा टीव्ही. पाहुण्यांना जे दाखवतील ते पाहुणे बघतात," त्या म्हणाल्या आणि एवढा मोठा उसासा टाकला, की मी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवून दिला.

सिरियल लागली. जाहिराती आल्या तेव्हा त्यांनी कनवटीला खोचलेल्या माझ्या नोटा काढून मोजल्या, तमिळमध्ये, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"पुरे आहेत गे," त्या मराठीत म्हणाल्या. "फिटले सगळे."