चाचांच्या कबरीवरचा सब्जा
सब्जाचा वास आला की आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते. वेल्ह्याकडचं आमचं गाव धरणाखाली जाणार होतं. देवाची मूर्ती हलगीच्या तालात टेम्पोतून नव्या गावठाणाकडं निघाली. शेजारची चाची मात्र चाचांच्या कबरीवरच्या सब्जाला पाणी घालत होती. तिनं पुनर्वसनाच्या साहेबाला विचारलं, “आन् ह्यास्नी कवा हलवणार?” साहेब हसला. “मेलेल्याला काय कळतंय, चाची?” ती ताडकन उठली. “मेलं न्हाईत, निजल्यात! कयामतीला उठून मला हुडकतील. तवा पाण्यातनं वाट कोन दावणार, तुमी?” कुणी हलगीसुद्धा थांबवली नाही. आता त्याच पाण्यावर लोक बोटी फिरवतात, मोठ्यानं गाणी लावतात. अरे, आवाज कमी करा! खाली आमचे चाचा निजलेत.