धरणात गेलेली पायरी

धीर हा गुण देवाने मला दिलाच नाही. आजही मी दूध उकळायच्या आत उतरवते आणि घरच्यांची बोलणी खाते. दुष्काळाच्या त्या दिवसांत तर मी तेवीस वर्षांची, नगरला ट्रेनिंग करून नुकतीच नोकरीला लागलेली शाळामास्तरीण होते. तेव्हाच्या माझ्या घाईबद्दल बोलायलाच नको.

माझी शाळा एका नव्या धरणाच्या काठावर होती. दुष्काळात धरणाचा तळ उघडा पडला तेव्हा पलीकडच्या वस्तीवरच्या पाच मुली जुन्या गाडीवाटेने चालत शाळेत यायच्या. पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं आणि त्या होडीने येऊ लागल्या. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं, तसे बुडालेल्या बाभळींचे बुंधे पाण्याखाली हातभर अंतरावर आले. एका संध्याकाळी होडी त्यातल्याच एकावर चढली आणि फळी फुटली. नावाड्याने ती कशीबशी चिखलात नेऊन टेकवली. कुणाला खरचटलंही नाही, नुसती पाच दप्तरं भिजली. पण दुसऱ्या दिवसापासून मुली येईनात.

महिनाभर शाळा बुडाली की मुलीचं नाव पटावरून जातं आणि ती कायमची शेतात जाते, हे मी तोवर दोनदा पाहिलं होतं. या पाचांना मी जाऊ देणार नव्हते. फळी दुरुस्त झाल्या झाल्या मी होडीत बसून पलीकडे गेले. बाकीच्या आया एका बाईच्या तोंडाकडे बघत होत्या. तिची मुलगी सातवीत होती, वर्गात सगळ्यात हुशार. दुष्काळी कामावर खडी फोडून त्या बाईचे तळहात टणक झाले होते.

"बाई, तुमची शाळा चांगली हाय," ती म्हणाली. "पन मला एकच पोर हाय. पान्यात वाट दिसंल, तवा पाठवीन."

मला राग आला. पाण्यात कधी वाट दिसते का? परत येताना मी होडीत धुमसत बसले होते. काठाजवळ मुलं पाठीला रिकामे डबे बांधून पोहत होती. डबे उन्हात चकाकत होते, लांबून दिसत होते. मी होडीतच उभी राहिले. नावाडी ओरडला, "बाई, खाली बसा, बुडवताय का आता!"

वाट दिसणार होती! बाभळी नसलेल्या वाटेच्या कडेने तेलाचे सात रिकामे डबे झाळून बंद करून, लाल रंगवून पाण्यावर ठेवायचे, खाली दोराने वजन बांधायचं. दोर तर गावात हवा तेवढा होता. इंजिनं आल्यापासून मोटेचे नाडे गोठ्यागोठ्यांत लोंबकळत पडले होते. पण वजन? दगडाला दोर बांधला तर निसटतो. सिमेंट हवं होतं, आणि सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. अख्ख्या गावात एकच गोणी होती, ती आमच्या शाळेत. शाळेची पायरी खचली होती, तिच्यासाठी मोठ्या गुरुजींनी वर्षभर खेटे घालून ती मिळवली होती.

"गुरुजी, पायरी नसली तरी मुली उडी मारून वर येतील," मी म्हणाले. "पण आधी त्या दारापर्यंत आल्या पाहिजेत."

गुरुजींनी एकदा गोणीवर हात फिरवला. मग म्हणाले, "अर्धीच घ्या, बाई."

त्या शनिवारी दुपारी आम्ही शाळेच्या मागे वाळू चाळली, खडी धुतली. सात घमेल्यांना आतून जळकं तेल चोपडलं, त्यांत सिमेंटचा माल भरला आणि मधोमध बैलगाडीच्या जुन्या साखळीची एकेक कडी रोवली. माझं लुगडं कमरेपर्यंत राखाडी झालं. किती आनंद झाला होता मला! जन्मात पहिल्यांदाच मी काहीतरी असं केलं होतं की जे खडूसारखं पुसता येणार नव्हतं. गुरुजींनी आठ दिवस गोणपाट टाकून पाणी मारायला सांगितलं. पाचव्या दिवशीच मी एक घमेलं उपडं करायला गेले तर ते छडी घेऊन उभे. छडी उगारली नाही, पण मी मागे सरले.

नवव्या दिवशी गाव काठावर लोटलं. एकेक ठोकळा काठीला बांधून दोघांनी उचलायचा, होडीत ठेवायचा आणि नावाड्याने दाखवलेल्या जागी सोडायचा. दोर वाया नको म्हणून आम्ही पाणी मोजून तेवढाच नाडा कापला होता. सातही डबे रांगेत उभे राहिले तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. मी तर त्याच पावली पलीकडे निरोप धाडला, वाट दिसतेय, उद्या बघायला या.

रात्री पश्चिमेचा वारा सुटला. सकाळी काठावर आले तर रांग मोडली होती. तीन डबे थेट बाभळींत जाऊन बसले होते. म्हणजे ज्या जागी होडीने जाऊ नये, तिथेच आमच्या खुणा बोलावत होत्या! आणि नेमकी त्याच वेळी ती बाई होडीतून उतरत होती. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"ठोकळे लई जड आहेत हो," मी रडवेली होऊन म्हणाले. "दोन माणसं लागली उचलायला, तरी सरकले कसे?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि खदाखदा हसली. "बाई, तुमी कदी हिरीवर घागर शेंदली न्हाई का? पान्यात हाय तवर घागर फुलावानी येती. वर आली की हात तुटत्यात. दगडाचं बी तसंच. तुमी त्याचं वजन वर बगितलं, ते ऱ्हानार खाली!"

मी लहानपणापासून रोज घागर शेंदली होती! आणि गुरुजी गणित शिकवायचे. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. मला इतकं हसू आलं की रडूच फुटलं.

मग सूत्रं तिच्या हातात गेली. दुपारी ती दुष्काळी कामावरच्या चार बायका घेऊन आली. नावाड्याने ठोकळे परत काढून आणले. बायकांनी काठावरच्या कडक मातीत साच्यासारखे सात खड्डे खणले, प्रत्येकात जुना ठोकळा कडी वर करून ठेवला आणि भोवती काळे दगड ठासले. "दगुड जास्ती, शिमिट नुसतं चिकटायपुरतं," ती म्हणाली. गुरुजींनी न सांगता उरलेली अर्धी गोणी आणून ओतली. नाडेही या वेळी लांब ठेवले, चरणाऱ्या म्हशीला दावं देतात तसे. आठ दिवसांनी माती उकरून एकेक ठोकळा पहारीने होडीवर चढवला तेव्हा होडी चार बोटं खाली गेली.

पायरी मात्र झाली नाही ती नाहीच. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, "पायरी धरणात आहे, साहेब."

पुन्हा वारा सुटला. डबे नाचले, पण रांग हलली नाही. त्यानंतर तिसऱ्या सकाळी पाच मुली आल्या आणि त्यांच्याबरोबर ती बाई. येताना तिने प्रत्येक डब्यापाशी होडी थांबवून नाडा ओढून पाहिला होता. मुलीला माझ्या हवाली केलं आणि म्हणाली, "मी हितंच बसलीया." शाळा सुटेपर्यंत ती काठावर बसून होती. दुसऱ्या दिवशीही तसंच, फक्त तुरीच्या शेंगा सोलायला आणल्या होत्या.

त्यानंतरच्या दिवशी दाट धुकं पडलं. अशा धुक्यात कोण आई मुलीला पाठवेल? मी काठावर उभी राहून नजर ताणली. आधी एक लाल डबा दिसला, मग त्याच्या मागून होडीचं टोक. मी डोकी मोजली. नावाडी आणि पाच मुली. आई नव्हती.

"आई कुठंय गं?" मी घाबरूनच विचारलं.

सातवीतली ती मुलगी होडीतून उडी मारून उतरली. "आई म्हनली, मला शेतात काम हाय, तुजी तू जा."