शपथेच्या आधीचा घटस्फोट

अन्याय झाला तो माझ्या रूममेटवर. फिलिपिन्सची आहे, नर्स आहे, माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. कधी झाला तेही सांगते. मागच्या वर्षी, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या सोमवारी सकाळी, काउंटी कोर्टात जजबाई घटस्फोट 'ग्रँटेड' म्हणाल्या, त्या क्षणी. मी मागच्या बाकावर बसले होते. बाहेर येऊन आम्ही पार्किंगमध्ये, हातमोजे न काढता, डोनट खाल्ले. ॲन आर्बरला परतताना बसमध्ये ती खिडकीच्या काचेवर बोटाने आपलं माहेरचं आडनाव लिहीत होती.

मिशिगनने तिला मोकळं केलं होतं. तिच्या देशाने त्याच मिनिटाला तिला बांधून टाकलं होतं, आणि आम्ही डोनट खात होतो.

कायदा असा आहे. फिलिपिन्समध्ये, मुसलमान सोडले, तर घटस्फोट नाही. नाही म्हणजे नाहीच. परदेशात घेतलेला घटस्फोट मानायची त्यांची एकच वाट आहे: दोघांपैकी एक जण घटस्फोटाच्या दिवशी परदेशी नागरिक असला पाहिजे. मग तिथल्या कोर्टात जाऊन तो मान्य करून घ्यायचा. दोघंही फिलिपिनो असतील, तर अमेरिकेतल्या जजने काहीही म्हणो, तिथे तुम्ही नवराबायको.

ताईचा नवरा तिच्या आधी इथे आलेला, त्यामुळे नागरिकत्वाचा नंबर त्याचा आधी लागला. तोवर दोघं वेगळे राहायला लागून बराच काळ झाला होता. त्याच्याबद्दल ती वाईट बोलत नाही. "नवरा नव्हताच तो, पाहुणा होता," एवढंच म्हणते. नागरिकत्वाच्या मुलाखतीचं बोलावणं आल्यावर पाहुण्याचा फोन आला: शपथ घ्यायची तर सिंगल माणूस म्हणून घेतो, त्याआधी हे उरकून टाकू. तिच्या फिलिपिनो प्रार्थनामंडळातल्या बायकांनीही तेच सांगितलं. त्यांच्यात ही पद्धतच आहे. सरकारच्या दारात जायचं तर घरचा गुंता आधी सोडवून जायचं, म्हणजे मुलाखतीत कुणी नको ते विचारत नाही. झालं, उरकलं. महिन्याभराने त्याने हात वर करून शपथ घेतली आणि अमेरिकन झाला.

उलट केलं असतं, आधी शपथ आणि मग कोर्ट, तर ताई आज दोन्ही देशांत सुटलेली असती. एवढाच फरक.

हे आम्हाला कळलं या उन्हाळ्यात. ताईला तिच्याच वॉर्डात काम करणारा एक जण आवडला होता. तोही फिलिपिनो, इतका लाजाळू की आमच्याकडे जेवायला आला की आधी भांडी घासायला उभा राहायचा. लग्न ठरलं. इथे काउंटी क्लार्कच्या ऑफिसात, नोंदणी करून, ते कधीही करता आलं असतं. पण ताईचे वडील तिकडे डायलिसिसवर आहेत, विमानात बसू शकत नाहीत, आणि तिला लग्न त्यांच्या डोळ्यांसमोर करायचं होतं. चर्चची परवानगी हे आणखी वेगळंच प्रकरण, म्हणून ती म्हणाली, चर्च राहू दे, टाउन हॉलमध्ये मेयरसमोर करू, बाबांना व्हीलचेअरवर आणता येईल.

एका संध्याकाळी तिथल्या वकीलबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, बाई पाव खात होत्या.

"डिव्होर्सच्या दिवशी तुझा पासपोर्ट कुठला?"

"फिलिपिन्सचा."

"त्याचा?"

"तो अमेरिकन आहे आता."

"आता नाही विचारलं, बाळा. त्या दिवशी."

ताई हळूच म्हणाली, "फिलिपिन्सचा."

"मग इथे तू त्याचीच बायको आहेस," बाई म्हणाल्या आणि पावाचा तुकडा खाली ठेवला. "आणि नव्या माणसाला घेऊन आलीस तर जरा जपून. पहिल्या नवऱ्याने तक्रार केली तर इथे तो व्यभिचाराचा गुन्हा आहे. तुझा."

मी मध्येच ओरडले, "एका महिन्याचा तर प्रश्न आहे!"

"ही कोण?"

"माझी धाकटी," ताई म्हणाली. "ओरडते ती. सवय आहे तिला."

हो, आहे. मी ग्रॅज्युएट स्टुडंट्सच्या युनियनची पत्रकं लिहिते, ओरडणं हेच माझं काम. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत एका फुकट कायदेसल्ला देणाऱ्या ऑफिसात नेलं. माझा मुद्दा सोपा होता: आता तो अमेरिकन आहे ना? मग परत घ्या घटस्फोट. टेबलामागचा वकील माझ्याच वयाचा, सायकलचं हेल्मेट मांडीवर.

तो म्हणाला, "जो तुमचा नवरा नाही, त्याच्यापासून घटस्फोट कसा घेणार?"

"पण आहे ना तो माझा नवरा!" ताई म्हणाली.

"मिशिगनमध्ये नाही."

"मग मिशिगनने तसं माझ्या देशाला सांगावं."

बिचारा लाल झाला. त्याची चूक नव्हती. पण मला तेव्हा कुणावर तरी चिडायचं होतं, आणि समोर तोच होता.

त्याच आठवड्यात जवळच्या नोव्हाय गावात एका काकूंकडे जेवण होतं. मी हे सगळं सांगितलं. काका, गाड्यांच्या कंपनीतले इंजिनियर, श्रीखंडाची वाटी हातात घेऊन म्हणाले, "डिव्होर्सच नाही? बेस्ट कंट्री यार! आपल्याकडे पण बंद करायला पाहिजे. संसार टिकतील."

काकू म्हणाल्या, "तो आहे म्हणून तुम्ही कुकर लावता. बंद करून बघा."

सगळे हसले, मीसुद्धा. पण काका, तुमच्या तोंडावर सांगितलं तेच इथे लिहिते: तुमच्या सोयीचं जे, त्याला तुम्ही संस्कृती म्हणता. आणि फार लांब बघायला नको. नवऱ्याने इथे एकतर्फी मिळवलेला घटस्फोट पुण्याच्या कोर्टात टिकत नाही, आणि आपली मुलगी ना इकडची ना तिकडची होऊन बसते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या मुलीबद्दल याच टेबलावर कुजबुज होते, जोराने कुणी बोलत नाही. त्यावर काकांनी विषय बदलून गाडीच्या टायर्सचा काढला.

आता ताईपुढे एकच रस्ता उरलाय. तिथल्या कोर्टात लग्न मुळापासूनच रद्दबातल ठरवून घ्यायचं. त्यासाठी सिद्ध करायचं की लग्नाच्या दिवशीच दोघांपैकी एक जण संसाराला मनाने असमर्थ होता. साक्षीदार हवेत, जुन्या दिवसांपासून ओळखणारे. आणि याला वर्षं लागतात. ज्या माणसाचं दिवस ढकलणं मशीनवर चाललंय, त्याच्या मुलीला कायदा सांगतो, वर्षं लागतील!

साक्षीदार म्हणून वडीलच हवेत, असं वकीलबाई म्हणाल्या. ताईने त्यांना फोन लावला तेव्हा मी शेजारी बसले होते. ती इंग्रजीत मला एकेक वाक्य सांगत गेली. वडील म्हणाले, मी साक्ष देतो. तो मुलगा तुला झेपणारा नव्हता, मला लग्नाच्या मांडवातच दिसलं होतं, हे मी जजला सांगेन. पण माझ्या मुलीच्या मनात खोट होती, असं कुणी वदवून घ्यायला आलं, तर मी उठून जाईन. मग त्यांनी विचारलं, लवकर होईल ना?

ताई "हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ सिंकमधला एकच कप विसळत राहिली.

केस दाखल झाली आहे. तारीख लागलेली नाही. लाजाळू माणूस थांबलाय, ताई थांबली आहे, आणि वडील एक दिवसाआड मशीनवर जातात. चूक कुणी केली म्हणाल, तर कुणीच गुन्हा केला नाही. दोन देशांनी एका बाईला मधोमध उभं केलं आणि दोघांनीही पाठ फिरवली. प्रार्थनामंडळातल्या बायका प्रेमाने चुकीचं बोलल्या, कारण त्यांना बरोबर काय ते कुणी सांगितलंच नव्हतं.

तर आता तुम्ही. हो, हे वाचणाऱ्या तुम्ही. तुमच्या वॉर्डात, लॅबमध्ये, शेजारी, मुलांच्या शाळेच्या दारात फिलिपिनो बायका आहेत. त्यांच्यातली एखादी घटस्फोटाचं बोलली, तर "ओह, सॉरी" म्हणून मान हलवू नका. विचारा: तुझा पासपोर्ट कुठला, त्याचा कुठला, शपथ कुणाची कधी आहे? आणि तिचा कायदा जाणणाऱ्या वकिलाशी ती बोलेपर्यंत तिला कोर्टात सही करू देऊ नका. तुमच्या ओळखीत अशी एक जण नक्की आहे. आज फोन करा तिला.