पेजेआधीची गोळी

जनाबाई गेल्याचं मला तिच्या सुनेकडून कळलं, तेही महिन्याभराने. आरोग्य केंद्रात मी बीपी तपासत होते. सून रांगेतून पुढे आली आणि हाताऐवजी तिने कापडी पिशवी पुढे केली. "आत्याबाई गेल्या. झोपेतच... उरल्या गोळ्या सिस्टरले वापस देजो, मनून सांगून ठेवलं होतं."

मुर्री गावची जनाबाई सत्तरीतही दिवसभर बिड्या वळायची. आमची ओळख भांडणातून झाली आणि चूक सगळी माझी होती. गोळ्या चालू असून तिची साखर काही उतरेना. दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक, असं मी बजावलं होतं. घेतेस का विचारलं की "घेतो" म्हणायची. एके दिवशी माझा पारा चढला आणि भरल्या रांगेत मी तिला खोटारडी म्हणाले. ती चपला घालून निघून गेली, ती दोन महिने फिरकली नाही. मग कानावर आलं, पायाचा अंगठा चिघळलाय, बहुतेक कापावा लागेल. मी हादरलेच.

घरी गेले तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. बसा म्हणाली नाही. मीच समोर जमिनीवर बसले, जखम धुतली, पट्टी बांधली आणि पहिल्यांदाच विचारलं, दिवसभरात काय काय खाता? दुपारी भात, संध्याकाळी पेज. मग संध्याकाळची गोळी?

"पेज का जेवन होय, बाई? पेज त पेतात. तुमी जेवनाआंधी मनलं, मी जेवनाआंधी घेतो."

तिने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. मला फार लाज वाटली, मी माफी मागितली. तिने हातातली बिडी आधी बांधून पुरी केली.

"दवाई तुमी चांगलीच देता. पन चार लोकायपुढं कायले बोलता? आता बसून इचारलं, तसं तवाच इचारलं असतं त...?"

डॉक्टरांनी डोस नीट लावून दिला. महिन्याच्या गोळ्या मी सारख्या दोन पुड्यांत देऊ लागले. जनाबाई त्या बिडीच्या दोऱ्याने बांधायची, भाताची लाल, पेजेची पांढरी. अंगठा वाचला. पुढे तर ती रांगेतल्या नव्या बायांना माझ्यादेखत सांगायची, हे बाई पयले लय भडकत होती, आता सुधरली.

ट्रेनिंगमध्ये साहेब लोक विचारतात, गरीब पेशंटला आपल्याकडून काय हवं असतं, आणि फॉर्म भरून घेतात. मी न भरता सांगू शकते. औषध तर हवंच. पण आपलं बोलणं कुणीतरी खरं धरावं, पुरतं ऐकावं आणि चारचौघांत पाणउतारा करू नये, हे आधी हवं असतं. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

सून गेल्यावर पिशवी उघडली. एक लाल दोऱ्याची पुडी, एक पांढऱ्या दोऱ्याची. इतकं होऊनही हाताची सवय जाईना, मी गोळ्या मोजल्याच. लाल पुडीत सहा होत्या. पांढरीतही सहाच... मला रडू आवरेना. मग डोळे पुसले, स्टूल बाजूला सारलं आणि भिंतीशी उकिडव्या बसलेल्या पुढच्या बाईसमोर जाऊन बसले.

"पेज कधी पेता, बाई?"